हॉरेस कर्शॉच्या लॉनची कड

हेझलशॉमध्ये सगळ्यात सरळ रेघ कुणाची, हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नाही. हॉरेस कर्शॉने एकतीस वर्षं नगरपालिकेच्या नोकरीत रस्त्यांवर पांढऱ्या रेघा मारल्या. उत्तर इंग्लंडातल्या लँकशरच्या त्या टेकड्यांत धड सरळ रस्ता असा नाहीच, पण हॉरेसची रेघ वळणावरसुद्धा अशी जायची की बसचे ड्रायव्हर म्हणत, धुक्यात नुसती ती रेघ धरायची, गाडी आपोआप घरी पोचते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला घड्याळ दिलं. खोक्यावरची रिबीन तिरपी बसली होती. हॉरेसने ती सगळ्यांसमोर सोडली, सरळ करून पुन्हा बांधली आणि मग आभार मानले.

असल्या माणसाच्या घरच्या लॉनची कड कशी असेल हे खरं तर सांगायला नको. पण सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे.

कर्शॉंचं घर चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या रस्त्यावर, कोपऱ्याला. कुंपण म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येकजण आत डोकावूनच पुढे जायचा. आमच्याकडे फुलं कमी असली तर लोक माफ करतात, गवत चार दिवस जास्त वाढलं तरी काणाडोळा करतात. पण लॉनची कड फाटकी दिसली की संपलंच. त्या घरात काहीतरी बिनसलंय, नवरा पिऊ लागलाय किंवा बायको बहिणीकडे निघून गेलीय, असं धरूनच चालतात. हॉरेसच्या कडेकडे बघून मात्र लोक टोपी काढायचे तेवढे बाकी होते.

हॉरेसचं बालपण गिरणीमागच्या फरशीच्या गल्लीत गेलं. दोन दगडांच्या फटीत गवताची काडी उगवली तर त्याची आई किटलीतलं उकळतं पाणी ओतून ती मारायची. म्हणून एकसष्ट साली नगरपालिकेचं हे घर मिळालं, तेव्हा त्याला स्वयंपाकघर किती मोठं, छप्पर गळतं का, यातलं काही बघायचंच नव्हतं. मागे सव्वीस फूट रुंद मोकळी जमीन होती आणि ती सगळी त्याला हिरवी करायची होती.

ईनिडला, म्हणजे त्याच्या बायकोला, फुलं हवी होती.

"दोन्ही भिंतींशी सहा-सहा फुटांचे वाफे," ती म्हणाली.

"सहा फूट? मग लॉन काय रुमालाएवढं ठेवू?"

"बरं, चार."

"दोन. दोन्हीकडे दोन-दोन फूट. वर एक इंच मिळायचा नाही, ईनिड."

ईनिड कर्शॉ शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांसाठी 'पाय', म्हणजे कणकेच्या पोळीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, बनवायची. वाद कुठे घालायचा आणि कुठे सोडायचा, हे तिला हॉरेसपेक्षा बरंच जास्त कळत होतं. ती "बरं" म्हणाली आणि दोन फुटांत काय मावेल ते लावून मोकळी झाली. लॉन बावीस फुटांचं झालं, लॉन हॉरेसचं, वाफे ईनिडचे, आणि मधली कड हॉरेसच्या ताब्यात.

कड म्हणजे तरी काय? वीट नाही, लाकूड नाही, नुसता मातीत घेतलेला उभा काप. हिवाळाभर पावसाने, गोठण्याने तो ढासळतो. मग एप्रिलच्या पहिल्या कोरड्या शनिवारी हॉरेस खुंट्या ठोकायचा, दोरी ताणायचा, एक डोळा मिटून बघायचा, आणि लांब दांड्याचं, अर्ध्या भाकरीएवढं पातं पायाने दाबत दाबत नवी कड कापायचा. नोकरीत शिकलेलीच रीत: जुनी रेघ बघायची आणि तिला धरून नवी मारायची. ढासळलेल्या मातीच्या जरा आत, चांगल्या गवतात. काप झाला की गवताच्या पट्ट्या गुंडाळून ढकलगाडीतून खताच्या ढिगाऱ्यावर जायच्या. तेवढ्यात ईनिड चहा घेऊन यायची, बशीत दोन बिस्किटं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची आणि म्हणायची, "सुरेख झाली हो कड." दर वर्षी. हॉरेसची छाती त्या एका वाक्याने पुढच्या एप्रिलपर्यंत फुगलेली राहायची.

तर असं सगळं छान चाललेलं असताना हॉरेसचा खुबा गेला.

वय त्र्याहत्तर. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी जुलैची तारीख दिली. "नवा खुबा बसवू, मस्त चालाल. फक्त वाकायचं नाही, खणायचं नाही, आणि ते पायाने पातं दाबणं तर आता विसरायचंच."

घरी आल्यावर मुलीचा, जिलियनचा, लीड्सहून फोन आला. "बाबा, मग लॉन काढून टाकू या ना सगळं. छान दगडी फरशी घालू. नुसतं झाडलं की झालं."

हॉरेस फोन ठेवून खिडकीशी गेला. पुन्हा फरशी. गवताची काडी आणि किटलीतलं उकळतं पाणी. त्याला भीती वाटली. कड राखता आली नाही तर सहा महिन्यांत लॉनचं गबाळं होणार आणि वर्षभरात जिलियनची फरशी येणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. एकच वाट होती. ऑपरेशनच्या आधी कडेला काहीतरी पक्कं बसवायचं, म्हणजे पुन्हा कापायचा प्रश्नच नको. पण कडेच्या पलीकडे ईनिडचं राज्य. तिची संमती हवी. आणि हा विषय त्याने याआधी पाच-सहा वेळा काढला होता, दर वेळी तिने तो हाणून पाडला होता.

मे महिन्यात त्याने कंबर कसली. गावातल्या दुकानांतून, ओळखीच्या गवंड्याकडून नमुने आणले आणि पायवाटेवर एका रांगेत मांडले. रांग अर्थात सरळ होती. शेजारचा आल्फ, जन्मभर कोळशाच्या गोण्या वाहिलेला, भिंतीवर कोपरं टेकून तमाशा बघायला हजर.

"ही बघ," हॉरेसने भाजक्या मातीची पट्टी उचलली. माथ्यावर दोरखंडासारखा पीळ. "जुन्या पद्धतीची. चर्चच्या बंगल्यात अशीच आहे."

"दिसते झक्क," ईनिड म्हणाली. "पण ही गवताच्या वर चार बोटं उभी राहणार. गवत कापायचं मशीन हिच्या अंगाला लागणार नाही. मधलं गवत कात्रीने कापायचं. कोण वाकणार? तू?"

"बरं. मग हे लाकडी ओंडके. तारेत ओवलेले, नुसते उलगडत जायचे."

"पाच वर्षांत कुजतील. आणि तोवर गोगलगायींची खानावळ."

"प्लास्टिक?"

"माझ्या बहिणीनं लावलं होतं," भिंतीवरून आल्फ म्हणाला. "पहिल्याच कडक थंडीत जमीन फुगली आणि ते वर आलं. बागेनं जीभ काढून दाखवल्यासारखं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?"

"मी चहाच्या बाजूनं. ईनिड, किटली ठेवलीस का?"

हॉरेसने पोलादी पट्टी पुढे केली. पातळ, जमिनीशी सपाट, दिसणारही नाही अशी.

"धार आहे तिला," ईनिड म्हणाली. "जिलियनची पोरं अनवाणी धावतात."

"जिलियनची पोरं चोवीस वर्षांची आहेत!"

"म्हणून काय त्यांना पाय नाहीत?"

आता एकच नमुना उरला होता, आणि तो हॉरेसने मुद्दाम शेवटी ठेवला होता. निळसर काळ्या, थंडीने न फुटणाऱ्या पक्क्या विटा, गवताच्या पातळीला आडव्या बसवायच्या. मशीनचं चाक विटांवरून जाणार, गवत पार कडेपर्यंत कापलं जाणार, कात्री नको, पातं नको, वाकणं नको. हॉरेसने हे सगळं सांगितलं आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला.

ईनिड विटेकडे बघत राहिली. वाकून तिने ती हातात घेतली, उलटी केली, परत ठेवली.

"हिचा रंग," ती म्हणाली, "गुलाबांशी जात नाही."

आल्फने चमकून वर पाहिलं. हॉरेसनेही. आजवरची तिची सगळी कारणं खरी होती. मशीन खरंच लागत नाही, लाकूड खरंच कुजतं. पन्नास वर्षांच्या संसारात ईनिडने दिलेलं हे पहिलं लंगडं कारण.

"रंग?" हॉरेस म्हणाला.

"समारंभ होऊ दे आपला. मग बघू," असं म्हणून ती चहा करायला आत गेली.

समारंभ म्हणजे त्यांच्या लग्नाची पन्नास वर्षं. जूनच्या तिसऱ्या शनिवारी लॉनवर चहा, चाळीस माणसं, आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून चॅपलचा तंबू मागितलेला. तंबू अठरा फूट रुंद. "लॉन बावीस आहे," हॉरेसने चॅपलमध्ये ऐटीत सांगितलं होतं, "दोन्हीकडे दोन-दोन फूट मोकळे राहतील. दोऱ्यांना भरपूर."

शुक्रवारी सकाळी आल्फ आणि चॅपलमधले दोघे तंबू घेऊन आले. पहिला खांब डाव्या कडेशी उभा केला. उजवीकडचा उभा करायला गेले, तर तो थेट गुलाबांत.

"डावा अजून सरकवा," हॉरेस म्हणाला.

"डावीकडे गुलाबी पिओनी आहेत. तंबू वाढला, की तुझं लॉन आखडलं?" आल्फ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

हॉरेस हसला नाही. त्याने टेप आणली आणि मोजलं. पंधरा फूट. टेप अडकली असेल म्हणून झटकली, पुन्हा मोजलं. पंधरा. वरच्या टोकाला, खालच्या टोकाला, मधोमध. तिथेही पंधराच. आणि सगळीकडे सारखे पंधरा, कड कुठे केसभरसुद्धा वाकडी नाही.

तो काठी टेकत मागच्या पायरीवर बसला. सात फूट लॉन गेलं कुठे? जमीन काही कुणी खिशात घालून नेत नाही. त्याची नजर शेडच्या दाराशी टेकवलेल्या लांब दांड्याच्या पात्यावर गेली, तिथून खताच्या ढिगाऱ्यावर, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. रस्त्यावर जुन्या रेघेवर नवी रेघ चढते, जुनी कुठे जात नाही. इथे तो दर वर्षी रेघ मारत नव्हता, कापत होता. ढासळलेल्या मातीच्या जरा आत, चांगल्या गवतात. एक इंच इकडे, एक इंच तिकडे. बेचाळीस एप्रिल. चौऱ्याऐंशी इंच म्हणजे बरोबर सात फूट.

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. ईनिड उद्यासाठी मटण-बटाट्याचे पाय करत होती, आणि एरवी खिडकीतून दहा सूचना देणारी बाई आज मान वर करत नव्हती.

तो आत गेला. "तुला माहीत होतं."

ईनिडने पायवर पोळी पसरली आणि सुरीने कडेची जास्तीची कणीक कातरली. कातरलेली पट्टी तिने उचलून त्याच्यासमोर धरली. "शाळेत अशी रोज बादलीभर निघायची. कड कातरली की काहीतरी जातंच, हॉरेस. पहिल्याच वर्षी तू ती गवताची गुंडाळी ढिगाऱ्यावर टाकलीस, तेव्हाच मला कळलं. मग मी तेवढ्या जागेत एक ओळ फुलं लावली. पुढच्या वर्षी अजून एक."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस! वर चहा आणून द्यायचीस. 'सुरेख झाली हो कड'!"

"सुरेखच होती. मी खोटं कधी बोलले? मागितले असते तर दिले असतेस मला साडेतीन फूट?"

"नसते!"

"मग?" ती म्हणाली, आणि पायचं भांडं भट्टीत सरकवलं.

हॉरेसचं डोकं फिरलं. बेचाळीस वर्षं आपण बावळट ठरलो, आणि तेही ज्या एका गोष्टीत गाव आपल्याला मानतं त्याच गोष्टीत. तो दुखरा खुबा घेऊन तरातरा शेडमध्ये गेला, खुंट्या आणि दोरी काढली. भिंतीपासून दोन फूट. एकसष्टची मूळ रेघ. तिथे दोरी ताणायची, सोमवारी गवंडी बोलवायचा, त्या काळ्या विटा बसवायच्या आणि अलीकडचं सगळं उपटून पुन्हा गवत टाकायचं. आल्फने दुसरी खुंटी धरली.

दोरी ताणून हॉरेसने सवयीप्रमाणे एक डोळा मिटला आणि बघितलं.

दोरीच्या अलीकडे सगळं त्याचं हरवलेलं लॉन होतं, आणि त्यात जूनचा बहर. भिंतीकडून लॉनकडे, एकेक ओळ. दोरीला लागून पिओनी, जिलियन शाळेत जाऊ लागली तेव्हाच्या. मग डेल्फिनियम, त्याच्या खांद्याएवढे, निळेभोर. मग जिलियनच्या लग्नाचे गुलाब. ईनिडची आई गेली त्या वर्षीचं लॅव्हेंडर. तो निवृत्त झाला तेव्हा तिने लावलेली पांढरी फुलं, चेष्टेने "तुझी रेघ" म्हणून. आणि अगदी अलीकडे, कडेशी, दोन महिन्यांपूर्वी कापलेल्या शेवटच्या इंचात, चिमुकल्या पॅन्सी. लॉनवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. लॉन बेचाळीस वर्षं नुसतं हिरवं होतं. हॉरेसचा राग तिथेच गळून पडला. तिने काहीच घेतलं नव्हतं. दर एप्रिलला त्यानेच, स्वतःच्या पायाने दाबून, तिला एक इंच दिला होता, आणि तिने त्यातला एकही वाया घालवला नव्हता.

त्याने दोरी गुंडाळली.

"मग?" आल्फने विचारलं. "तंबू चॅपलला परत?"

"कशाला परत? वाफ्यांच्या वरूनच घाला. खांब झाडांच्या मध्ये रोवा. आणि आल्फ, एक डेल्फिनियम मोडलंस तर तुला केक नाही."

शनिवारी पाऊस आला, वेळेवर. चाळीस माणसं तंबूत, आणि त्यांच्याबरोबर ईनिडचे दोन्ही वाफेही तंबूत. डेल्फिनियमांचे शेंडे कापडाला टेकले होते. चॅपलचे मास्तर कोपर टेकायला गेले आणि तोल जाऊन गुलाबाला नमस्कार करून बसले. हॅम सँडविच संपले, पाय संपले, लाल कोबीचं लोणचंसुद्धा संपलं, आणि बायका म्हणाल्या, "अगं ईनिड, तंबू आतून सजवायची ही कल्पना तुझी का?" ईनिडने हॉरेसकडे बोट दाखवलं. "त्याची. बरीच वर्षं चालू होतं त्याचं."

जुलैत खुबा बसला. त्या काळ्या विटा शेडमागे रचून ठेवल्या गेल्या आणि त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

पुढचा एप्रिल आला. पहिला कोरडा शनिवार. हॉरेस खिडकीशी खुर्चीत बसला होता, आणि त्याने मनाची तयारी केली होती: आल्फ कापेल, वाकडं कापेल, आपण गप्प बसायचं. पण आल्फ आला नाही. ईनिड शेडमध्ये गेली, तिने ते लांब दांड्याचं पातं तेल लावून खिळ्यावर टांगलं, दाराला कडी घातली आणि परत आली.

दुसरा शनिवार गेला, तिसरा गेला. मे महिन्यात कर्शॉंच्या लॉनची कड फाटली. मधलं गवत आल्फ मशीनने कापून द्यायचा, पण कडेचं तसंच. पाती पॅन्सींच्या जागेत झुकली, मग त्यांनी तिथे मुळं धरली. चॅपलला जाणारे भिंतीपाशी थबकू लागले. दुकानात दोन बायका ईनिडला बघून बोलता बोलता थांबल्या. एकीने हळूच विचारलंसुद्धा, घरी सगळं ठीक आहे ना? जिच्या पायरीवर उभ्या आयुष्यात कुणाला धूळ दिसली नाही, ती ईनिड कर्शॉ "सगळं ठीक" म्हणून पिशवी घेऊन ताठ मानेने घरी आली.

हॉरेसला राहवेना. कडेकडे बघवत नव्हतं, आणि तिच्याबद्दल लोक बोलतात हे तर त्याहून सहन होत नव्हतं.

"ईनिड, अगं आल्फला सांग ना कापायला. गाव काय म्हणतंय ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग?"

ती टेप घेऊन बाहेर गेली. गुडघ्यांवर बसली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप लावली आणि खिडकीकडे बघून मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, "पंधरा फूट दोन इंच!"

हॉरेसने खिडकी उघडली. "अगं, अशानं बावीस व्हायला बेचाळीस वर्षं लागतील! तू एकशे चौदाची होशील!"

"मग तू डॉक्टरांच्या त्या गोळ्या वेळेवर घेत जा," ईनिड म्हणाली, गुडघ्यांवरची माती झटकत उठली, आणि चहा ठेवायला आत आली.